जपून, पायरी ओली आहे

९ जानेवारी

ताई,

‘ह्यांच्याबद्दल असं लिहिणार असशील तर पत्रच लिहू नकोस,’ असं तू कळवलं होतंस. मी ते इतकी वर्षं पाळलं. आता पाळत नाही.

हे पाकीट आधी भावजी फोडणार, हे धरूनच चालते. म्हणून सुरुवातीच्या दोन ओळी त्यांच्यासाठी. भावजी, साष्टांग घालायला गुडघे राजी नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरून नमस्कार. वाचून झालं की पत्र तिच्या हातात द्या. तिला वाचून दाखवू नका. तुमच्या लग्नातलं भाषण मी ऐकलंय, तुम्हाला स्वल्पविराम दिसत नाहीत.

आता तू. आपला डबिंगचा स्टुडिओ अजून तिथेच आहे, बेकरीच्या वर. लिफ्ट अजून बंद. रेकॉर्डिंगच्या खोलीत अजून पावाचा वास येतो आणि उपाशीपोटी आलेल्या कलाकाराच्या पोटातले आवाज अजून माईकवर ऐकू येतात. आपल्या रेकॉर्डिस्ट कानसेनचे केस गेले, कान शाबूत आहेत. नवीन लोक त्याला ‘सर’ म्हणतात. तो ओ देत नाही, कारण त्याला वाटतं दुसऱ्या कोणाला हाक मारतायत.

आणि मुख्य बातमी. एका वाहिनीने जुन्या अमेरिकन खूनपटांचा गठ्ठा विकत घेतलाय. कृष्णधवल, सगळे आपण आपल्या भाषेत बोललेले. आपल्या टेप्सना बुरशी लागली, त्यामुळे सगळं पुन्हा करायचंय. पहिला कोणता असेल? बोर्डिंग हाऊसवालीचा!

भावजींना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. समुद्रकाठचं एक बोर्डिंग हाऊस. मालकीण विधवा, देखणी, हातमोजे चढवल्याशिवाय दार उघडत नाही. तिच्याकडे एकटे, पैसेवाले पाहुणे उतरतात आणि जिन्यावरून पडून मरतात. प्रत्येकाला ती आधी सांगते, “जपून, पायरी ओली आहे.” मालकीण म्हणजे आमची ताई. एका म्हाताऱ्या पाहुण्याबरोबर आलेल्या नर्सला हे सगळं कळतं आणि म्हणून तीही पडते. ती मी. आमची वाटणीच तशी होती. ही मारायची, मी मरायचे. एखाद्या चित्रपटात मी मध्यंतरापर्यंत टिकले तर कानसेन पेढे मागायचा.

ताई, तुझ्या जागी एक नवी मुलगी घेतलीय. गोड आहे, मेहनती आहे, पण खून करायचा म्हटलं की फुत्कारते. ‘जपूऽऽन’ असं म्हणते, की कोणताही शहाणा पाहुणा बॅग उचलून दुसरं बोर्डिंग गाठेल. काल कानसेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

तू कधी आवाज चढवला नाहीस. तू ते वाक्य असं म्हणायचीस, की ऐकणाऱ्याला वाटावं, किती काळजी घेते ही बाई. आणि तरी त्याचा हात कठड्याकडे जावा.

मालकिणीचं काम मी शेवटी ठेवायला लावलंय. तोवर इतरांचं उरकतो आहोत. तू ये. नाही म्हणायचं तर तुझ्या अक्षरात म्हण.

तुझी,
किंकाळी


२३ जानेवारी

ताई (आणि भावजी, आज जास्त करून तुम्हीच),

उत्तर मिळालं. टाइप केलेलं. ‘सौ.ची प्रकृती ठीक नसते. घसा नाजूक आहे. शिवाय खुनाची चित्रे दाखवून समाजाचे काय भले होते, हे मला उमगत नाही. आपली कृपा असावी.’

भावजी, ताईच्या घशाचं मला सांगू नका. तिच्या घशाने एका दिवसात तीन नवरे संपवलेत आणि संध्याकाळी माझ्याशी वाद घालायला आवाज उरलाय. पण समाजाच्या भल्याचं विचारलंत, तर उत्तर देते. या धंद्यात माझा जन्म गेला, तेवढा अधिकार आहे.

खून बघायला कोणी येत नाही. खून दोन मिनिटांत उरकतो, तोही सावलीत. उरलेला दीड तास लोक काय बघतात? एक खोली बघतात. पडद्याच्या फटींतून आलेला उजेड भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलाय, टेबलावर फोन आहे आणि एक बाई हसतमुखाने पाहुण्याचा कोट काढून घेतेय. तिच्या मनात काय आहे, ते आपल्याला ठाऊक आहे, पाहुण्याला नाही. कोट काढून घेणं ही काय बघायची गोष्ट आहे? पण आपण श्वास रोखून बघतो. आपल्या घरात बायका जन्मभर कोट टांगतात, कोणी मान वर करून बघत नाही.

आणि बोलणं! घराघरांत माणसं एक बोलतात आणि त्यांना म्हणायचं असतं दुसरंच. ‘मला काय, काहीही चालेल’ या एका वाक्याखाली किती प्रेतं पुरलेली असतात, ते कोण मोजतंय? या चित्रपटांत तेवढं मोजतात. तिथे साध्या वाक्याला जिवाची जोखीम असते, म्हणून कान देऊन ऐकावं लागतं. दुपारचं आवरून टीव्हीसमोर बसणाऱ्या बायकांची वाहिनीकडे पत्रं यायची. एकीनेही लिहिलं नाही, की मला विष कुठे मिळेल. लिहायच्या, ‘त्या बाईसारखं शांतपणे नाही म्हणायला कधी जमेल?’ शेवटी पोलीस येणार, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असायचं. त्यामुळे त्या बिनघोर खुनी बाईच्या बाजूने असायच्या. ताईच्या बाजूने, भावजी. तुम्ही एका फार लोकप्रिय खुनी बाईशी लग्न केलंय, जरा ऐटीत राहा.

ताई, तुझ्या अक्षरातलं उत्तर अजून यायचंय.

किंकाळी

ता. क. माझी डावी दाढ ठणकतेय. आमच्या दंतवैद्याची पुढची वेळ लवकर मिळत नाही. ओळखीत एक दंतवैद्य आहेत.


३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र भावजींनी खुशाल वाचावं. यात त्यांच्याबद्दल आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

मी भावजींच्या दवाखान्यात गेले होते. अर्धा दिवस बसमध्ये, गालावर रुमाल. माझा बेत साधा होता. खुर्चीत बसायचं आणि विचारायचं, आमच्या ताईला कोंडून ठेवलंय का? पण दंतवैद्यासमोर भांडायला जाणं ही मोठी चूक. बोलायला तोंड उघडलं की ते त्यात काहीतरी घालतात.

त्यांनी मला लगेच ओळखलं. तरी आधी दाढ बघितली, तेवढं मानलं मी. कापूस, नळी, सगळं तोंडात बसवून झालं आणि मग ते बोलायला लागले. त्यांना बहुतेक असंच माणूस हवं होतं, ज्याला मध्ये बोलता येत नाही.

“तुम्ही मला कडीकुलूपवाला समजता,” ते म्हणाले.

मी “आ” म्हटलं.

“समजा. पण तुमचं ते बोर्डिंग हाऊस मला पाठ आहे. माझी पहिली बायको अंथरुणावर होती तेव्हा दुपारी टीव्ही चालू ठेवायचो. तिला गुंगी असायची. मी तुमच्या ताईच्या आवाजाची वाट बघायचो. चोरून वाट बघितल्यासारखं वाटायचं, पण बघायचो. त्या घरात तेवढीच एक गोष्ट होती, जी पुढे काय होणार ते ठाऊक असून बोलत होती.”

मशीन घरघरत होतं. हात हलका आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू.

“लग्न झालं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात शिरलो आणि ती मागून म्हणाली, ‘जपून, फरशी ओली आहे.’ मी भिंत धरून उभा राहिलो.”

मी भुवया उंचावून विचारलं, मग?

“मग काय? फरशी ओली होती. तिने नुकतीच पुसली होती.”

ताई, मला इतकं हसू आलं, की तोंडातलं पाणी घशात गेलं. मी खोकत राहिले. त्यांनी खुर्ची सरळ केली, पेला दिला आणि थांबले.

“हसा,” ते म्हणाले. “त्याच दिवशी हसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला तिच्या प्रत्येक वाक्यात आणखी काहीतरी ऐकू यायला लागलं. ‘दमलात का?’ म्हणाली तरी. ‘आज लवकर आलात’ म्हणाली तरी. एकदा मी ओरडलो, घरात जरा कमी बोलत जा. ती म्हणाली, ‘बरं.’” ते हातमोजे काढत होते, ते निघेनात. “त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दोन वर्षं होतील. शेजारपाजारी बोलत नाही, फोन घेत नाही. मी माफी मागितली. ती मान हलवते, ताट वाढते, पुस्तक घेऊन बसते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं.”

“स्वल्पविराम?” मला बोलता येत होतं आता.

“घेतले. बोर्डिंग हाऊस आलं तेव्हा तिचा चेहरा हलला. पहिल्यांदाच. त्यानेच मी घाबरलो आणि तुम्हाला तसलं उत्तर ठोकलं. ती तिकडे गेली तर परत कशाला येईल?”

मी घरी आले नाही. तुझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, कोपऱ्यावरून खिडकीही दाखवली त्यांनी. पण तू माझ्यासमोरही गप्प बसली असतीस, आणि ते मला सहन झालं नसतं. म्हणून बस पकडली.

इतकी वर्षं मी एक चित्रपट डोक्यात घेऊन फिरत होते, ज्यात भावजी खलनायक आहेत आणि तू कोंडलेली आहेस. पत्र लिहू नकोस, हे वाक्य त्यांनीच तुझ्याकडून लिहून घेतलं, अशी माझी खात्री होती. त्यांना ते माहीतही नव्हतं; ते तुझंच होतं तर! आता बघते तर दाराला कडीच नाही. तुझ्या घरात कोणीतरी कोणाचातरी खून केलाय हे नक्की, पण कोणी कोणाचा, ते बस सुटेपर्यंत मला ठरवता येईना.

येत्या सोमवारी मालकिणीचं रेकॉर्डिंग आहे. आणखी पुढे ढकलता येत नाही, वाहिनीवाले मागे लागलेत. सकाळी दहा.

किंकाळी


११ फेब्रुवारी

ताई,

काल तू आलीस. तोच करडा कोट. मला वाटलं, स्टुडिओ खाली कोसळणार आनंदाने. तू कानसेनच्या मागच्या खुर्चीत बसलीस, पर्स मांडीवर. मी हाक मारली, तू माझा हात दाबलास. कानसेनने विचारलं, “बाई, आवाज तपासूया?” तू मान हलवलीस. नाही.

नवी मुलगी काचेपलीकडे फुत्कारत होती. तू दोन टेक ऐकलेस, मग उठून आत गेलीस. तिला स्टुलावर बसवलंस, तुझी पर्स उघडून तिच्या हातात दिलीस आणि बोटांनी दाखवलंस, सुटे पैसे शोध. ती बिचारी शोधायला लागली. तू माईककडे बोट केलंस. पर्समध्ये डोकं घालून, घाईत, अगदी सहज ती म्हणून गेली, “जपून, पायरी ओली आहे.”

आम्ही सगळे गार.

मग तू पर्स घेतलीस आणि जिना उतरून निघून गेलीस. मी चप्पल घालेपर्यंत रस्त्यावर कोणी नव्हतं.

ताई, मला राग आलाय. लोकांना तुझं कौतुक वाटतंय. ती मुलगी डोळे पुसत सांगत सुटलीय, की बाईंनी एक शब्द न बोलता शिकवलं. मला कौतुक नाही. तू तुझं काम देऊन टाकलंस, जसा जुना कोट कोणाला द्यावा.

तू गेल्यावर माझा प्रसंग होता. नर्स जिन्यावरून पडते तो. आता दोघींना एका माईकवर उभं करत नाहीत. मी एकटी, हेडफोनमध्ये त्या मुलीचं आधीच भरलेलं वाक्य. मी किंकाळी मारली. कानसेन म्हणाला, “पुन्हा.” पुन्हा मारली. तो म्हणाला, “उद्या बघू.”

एवढ्या वर्षांत मला ‘उद्या बघू’ कोणी म्हणालं नव्हतं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून बघितलं. नाही येत. पूर्वी तू समोर असायचीस, माझ्या डोळ्यांत बघत ते वाक्य म्हणायचीस आणि किंकाळी आपोआप यायची. मला वाटायचं, ती माझी कला आहे. ती आपल्या दोघींची होती. एकटीला फक्त ओरडता येतं.

म्हणजे तुझ्यासाठी, भावजींसाठी, जगातल्या झाडून सगळ्या बायकांसाठी मी तुला बोलावत होते, हे सगळं खरं. पण सगळ्यात आधी मी माझ्यासाठी बोलावत होते. हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

माझा प्रसंग शनिवारवर टाकलाय. ये किंवा नको येऊस. पण आलीस तर गप्प बसायला येऊ नकोस. गप्प बसणारी माणसं मला इथेही पुष्कळ मिळतात.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

भावजी,

हे पत्र तुम्हाला. ताईला मी ते वाचून दाखवलंय आणि तिने दोन शब्द बदलायला लावलेत, तेव्हा यात खोटं काही उरलेलं नाही.

शनिवारी सकाळी ती बॅग घेऊन स्टुडिओच्या दारात उभी. आदल्या रात्री तुम्ही तिला बसस्टँडवर सोडायला आलात आणि बॅग स्वतः वर चढवलीत, हे तिनेच मला सांगितलं. हो, सांगितलं. पण पहिलं वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही. ते कानसेनला मिळालं. आत जाऊन ती उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, “माईक खाली घे. बुटकी झालेय मी.”

कानसेनने माईक खाली घ्यायला गरजेपेक्षा बराच वेळ लावला. पाठ फिरवून घेत होता.

आवाज चांगला नव्हता. खरखरीत, मध्येच तुटणारा. पहिल्या वाक्याला ठसका लागला, दुसऱ्याला श्वास पुरला नाही. ती चिडली. मग संहितेवर चिडली. म्हणाली, “ही बाई एवढी लांबलचक वाक्यं बोलणार नाही. कोणी भाषांतर केलंय हे?” मी केलं होतं. चांगली जुंपली आमची. तिने माझी अर्धी वाक्यं खोडली आणि भांडता भांडता तिचा आवाज मोकळा झाला. हे तिने ठरवून केलं का, मला माहीत नाही. विचारलं तर हसते.

नवी मुलगी रुसली. रुसायलाच हवं होतं, हातातोंडाशी आलेलं काम गेलं. ताईने तिला बाजूला घेऊन पुढच्या चित्रपटातल्या खुनी बाईचं काम तिला द्यायचं कबूल करून घेतलं, कानसेनकडून आणि वाहिनीकडूनही. आता रोज सकाळी तिची तयारी घेते. काल ती मुलगी फोनवर आपल्या आईला म्हणत होती, “जेवलीस का?” आणि आई पलीकडून विचारत होती, “काय झालं? काय झालं?”

आमच्या दोघींना एका माईकवर उभं करायला कानसेन तयार झाला. दुपारी आम्ही जिन्याचा प्रसंग केला. ताईने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि तिचं वाक्य म्हणाली. भावजी, ते तुम्हाला पाठ आहे, पण असं तुम्ही ऐकलेलं नाही. पूर्वी त्या वाक्यात फक्त चातुर्य होतं. आता त्यात दमलेपण आहे. मालकिणीला खरंच वाटतंय, की या पोरीने पडू नये, आणि तरी ती ढकलणार आहे. मी किंकाळी मारली. मारली कसली, निघाली. खालून बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत वर आला. कानसेन त्याला म्हणाला, “टेक ओके आहे. कोणी मेलेलं नाही.”

परवा संध्याकाळी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी विचारलं, “एवढी शिक्षा कशाला केलीस गं त्यांना?”

“शिक्षा?” ती म्हणाली. “पहिले आठ-पंधरा दिवस राग होता, तेवढीच शिक्षा. पुढचं वेगळंच. मी काहीही म्हटलं की ते दचकायचे. मग मीही स्वतःचं ऐकायला लागले. मीठ मागायचं तरी मनात यायचं, हे कोण बोलतंय? मी, की त्या खुनी बायकांतली कोणी? माझा साधा आवाज कुठला, तेच मला आठवेना. मग तोंड बंद ठेवणं सोपं वाटायला लागलं.”

“आणि आता?”

“इथे खोटं बोलायचं असतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसभर मनसोक्त खोटं बोलून घेतलं की बाहेर आल्यावर खरं कुठलं ते कळतं. काल मी बेकरीत जाऊन पाव मागितला. नुसता पाव मागितला गं. आणि त्याने नुसता पाव दिला.”

असं म्हणून ती रडली. थोडंसंच. मग नाक पुसून मला म्हणाली, तुझ्या चाकूंना धार नाही.

तर भावजी, निरोप. तो तिच्याच शब्दांत देते: “काम सोडणार नाही. पुढचे चित्रपट करणार, महिन्यातले निम्मे दिवस इथे राहणार. उरलेले दिवस घर माझंही आहे. पण येईन ती बोलत येईन. सकाळी उठल्यापासून बोलेन, भांडेन, कधी उगाचच बडबडेन. त्यातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ मला विचारायचा, मनात शोधत बसायचं नाही. झेपेल का, विचार त्यांना.”

मी विचारलं. उत्तर मला लिहू नका, मी निरोप्या नाही. तिला सांगा, समोर येऊन. ती रोज चारला मोकळी होते. बेकरीच्या बाजूने जिना आहे, दुसरा मजला. दारावर लाल दिवा लागलेला असेल तर बाहेरच्या बाकावर बसा, आत ती कोणालातरी मारत असेल. दिवा विझला की दार ढकला, ते उघडंच असतं.

तुमची मेहुणी